पट्टीखालचं पिवळं पाणी

*वाचकाचं पत्र (थोडक्यात):* सप्रेम नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आठवड्यापूर्वी मुलाची मोटरसायकल पारोळा रस्त्यावर खडीवरून घसरली आणि गुडघा सोलवटला. जखम साधारण सहा सेंटिमीटरची, खोल नाही. डॉक्टरांनी धुऊन दिली, खडे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, हाडाला काही नाही म्हणाले आणि रोज गॉज बदलायला सांगितलं. पण गॉज रोज चिकटतो, ओढताना पुन्हा रक्त येतं. माझी पुतणी पुण्याला नर्सिंग शिकते. तिनं हायड्रोकोलॉइडच्या पट्ट्या पाठवल्या, 10 × 10 सेंटिमीटरच्या पाच. मी त्यातली एक जखमेच्या मापानं कापून लावली. दुसऱ्या दिवशी ती पांढरी फुगली, कडेनं पिवळं चिकट पाणी आलं आणि घाण वासही येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, "जखम पिकनी. काढी टाक, जखमले वारा लागू दे." मी पट्टी काढून हळद भरली. आता खपली धरलीय, पण गुडघा वाकवला की तडकते. चार पट्ट्या उरल्यात. पुन्हा लावू का? सासऱ्यांना शुगर आहे, त्यांच्या अंगठ्याखाली जखम झालीय, त्यांना लावली तर चालेल का? चैत्रात भावजय पायी वणीला गडावर जाणार आहे, तीही फोडांसाठी मागतेय. पट्ट्या महाग आहेत, वाया घालवायच्या नाहीत.

ताई,

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून पट्टीखाली पू झालेला नव्हता. हायड्रोकोलॉइड पट्टी काम करते तेव्हा नेमकी अशीच दिसते: मध्यभागी पांढरट फुगवटा, आत पिवळट-तपकिरी, सायीसारखं दाट पाणी, आणि उघडल्यावर आंबूस, नकोसा वास. पहिल्यांदा वापरणारी बहुतेक माणसं इथेच घाबरतात आणि पट्टी काढून टाकतात.

तरीही नुसत्या वर्णनावर विसंबू नका, घरीच तपासून बघा. पट्टी काढल्यावर जखम कोमट पाण्यानं नीट धुवायची, आतलं सगळं चिकट पाणी निघून जाऊ द्यायचं आणि मग बघायचं. जखमेचा तळ गुलाबी-लाल, स्वच्छ, ओलसर दिसला आणि धुतल्यावर वास गेला, तर ते पट्टीचंच जेल होतं. धुऊनही वास राहिला, तळावर हिरवट किंवा दाट पिवळा थर पुन्हापुन्हा जमू लागला, आजूबाजूची कातडी लाल, गरम आणि ताठ झाली असेल, तर मात्र जखम पिकलीय आणि पट्टीचा विचार सोडून डॉक्टरांकडे जायचं. धुण्याआधी केलेला अंदाज चुकू शकतो, कारण जेल आणि पू पट्टीवर बघताना सारखेच दिसतात.

हे जेल येतं कुठून? पट्टीचे दोन थर असतात. बाहेरचा पातळ पॉलियुरेथेनचा पडदा, त्यातून पाणी आणि जंतू आत जात नाहीत. आतला थर चिकट, त्यात कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज म्हणजे सीएमसी, आणि बऱ्याच पट्ट्यांत जोडीला पेक्टिन आणि जेलॅटिन. हे पदार्थ पाणी शोषून फुगतात. जखमेतून झिरपणारी लस त्यांनी पिली की तिचं जेल होतं, आणि जखमेच्या वरचा भाग फुगून पांढरा दिसतो. ही चिकट घडण मुळात तोंडातल्या जखमा आणि पोटावर स्टोमा (मल-मूत्र बाहेर काढण्यासाठी शस्त्रक्रियेनं केलेलं छिद्र) असलेल्या रुग्णांची कातडी यांसाठी तयार झाली, 1980 च्या दशकात तिच्या जखमेवरच्या पट्ट्या निघाल्या. आज डुओडर्म, कॉमफील, टेगाडर्म हायड्रोकोलॉइड अशा नावांनी मिळतात. पुरळांवर लावायच्या गोल चकत्या मुली ऑनलाइन मागवतात ना, त्या बहुतेक याच पदार्थाच्या. (जेलॅटिन प्राण्यांपासून बनतं. घरात कुणाला ते चालत नसेल तर पाकिटावरचे घटक वाचून घ्या, जेलॅटिन नसलेल्या पट्ट्याही मिळतात.)

सासूबाईंच्या "वारा लागू दे"बद्दल. त्यांचा अनुभव खोटा नाही. पूर्वी जखम झाकायची म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधी, तीही घामानं आणि धुळीनं भिजलेली. तसल्या ओल्या चिंधीपेक्षा उघडी, कोरडी जखम नक्कीच बरी. पण स्वच्छ आणि बंद ओल ही वेगळी गोष्ट आहे. 1962 साली लंडनचे संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या पिल्लांवर वरवरच्या जखमा करून काहींवर प्लास्टिकचा पातळ पडदा लावला, काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरली. कारण सरळ आहे. नवी कातडी जखमेच्या कडेकडून आणि केसांच्या मुळांतून पेशी सरकत सरकत तयार होते, आणि पेशींना सरकायला ओला पृष्ठभाग लागतो. कोरडी खपली झाली की त्यांना तिच्याखाली, ओल असेल तिथपर्यंत खाली उतरून वाट काढावी लागते. शिवाय गुडघ्यासारख्या ठिकाणी खपली दर पायरीला तडकते, आणि तडकली की आतलं कामही मोडतं. उघड्या पडलेल्या नसांचं टोक ओलं राहिलं की आगही कमी होते, म्हणून पट्टी लावल्यावर पोराला आराम वाटतो.

तुमचा गॉजही याच कारणानं चिकटत होता. गॉज सुकतो, त्याच्या जाळीत लस घट्ट बसते, आणि रोज सकाळी ओढताना रात्री धरलेली कातडी गॉजबरोबर निघते. डॉक्टरांनी सांगितलं ते चुकीचं नाही. पहिले दोन-तीन दिवस खडीवरची जखम रोज उघडून बघणं गरजेचंच असतं. आता आठवडा झालाय, जखम पिकल्याची लक्षणं नसतील तर तुम्ही पट्टीवर येऊ शकता. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पट्टी डॉक्टरांना दाखवा.

आता चूक कुठे झाली ते. तुम्ही पट्टी जखमेच्या मापाची कापलीत. पट्टी धरते ती जखमेच्या बाहेरच्या धड, कोरड्या कातडीला. ओल्या जखमेला ती चिकटतच नाही. चारी बाजूंनी किमान दोन ते तीन सेंटिमीटर धड कातडी झाकली गेली पाहिजे. सहा सेंटिमीटरच्या जखमेला अख्खी 10 × 10 ची पट्टी लागते, तेव्हा कुठे दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर मिळतात. तुम्ही सहाचीच लावलीत, म्हणून जेलला बाहेर पडायला लगेच वाट मिळाली. आणि कड सुटलेली पट्टी तशीच ठेवली की तिच्या खालून बाहेरचे जंतू आत जातात, म्हणून ती काढलीत ते योग्यच केलंत. फक्त त्या जागी हळदीऐवजी नवी, पुरेशी मोठी पट्टी यायला हवी होती.

आधी हळद काढायची. हळदीत जंतू रोखण्याचा काही गुण असला तरी डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि ती जखमेत भरली की लसीबरोबर सुकून दगडासारखा थर होतो. तिच्याखाली लाली वाढली तरी दिसत नाही. मेडिकलमधल्या अँटिबायोटिक पावडरीनंही असाच थर धरतो. जळालेल्या कापसाची राख, चहाची पूड, चुना, तंबाखू यांचा तर विचारच नको. माती-शेणाचा अंश जखमेत जाणं म्हणजे धनुर्वाताला बोलावणं. हळदीचा थर नखानं किंवा ब्रशनं खरवडू नका. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची 100 मिलीची बाटली मिळते, तिनं स्वच्छ गॉज चिंब भिजवून जखमेवर दहा मिनिटं ठेवा, मग हलक्या हातानं पुसा. जितकं निघेल तितकंच काढा. सलाइन नसेल तर एक लिटर पाणी पाच मिनिटं उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण दीड सपाट चमचे, घालून झाकून कोमट होऊ द्या. त्याच दिवशी वापरा, उरलेलं टाकून द्या. घट्ट बसलेली खपली राहिली तरी चालेल. पट्टीच्या ओलीनं ती दोन-तीन दिवसांत मऊ पडून आपोआप सुटते.

धुताना काळे ठिपके दिसले तर ते खडीचे कण असू शकतात. कातडी त्यांच्यावर धरली की ते गोंदल्यासारखे कायमचे राहतात आणि आत पिकूही शकतात. ओल्या गॉजनं किंवा उकळलेल्या चिमट्यानं सहज निघाले तर काढा, नाहीतर डॉक्टरांकडे जा. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका. जंतूंबरोबर नव्या पेशीही त्यानं मरतात. साबण जखमेच्या भोवतीच्या कातडीला लावा, आत नाही.

पट्टी न चिकटण्याची बहुतेक कारणं भोवतालच्या कातडीत असतात. तिच्यावर तेल, व्हॅसलीन, मलम, पावडर, घाम यातलं काहीही राहिलं तर पट्टी लवकर कड सोडते. साबणाच्या पाण्यानं पुसून, साध्या पाण्यानं पुसून, कोरडी करून वर दोन मिनिटं वाऱ्यावर सुकू द्या. पायाचे केस कात्रीनं बारीक कापा, वस्तऱ्यानं नको. वस्तऱ्यानं बारीक चिरा पडतात आणि त्यात जंतू शिरतात.

मग हात धुवा. पट्टी पाकिटासकट दोन्ही तळहातांमध्ये अर्धा-एक मिनिट धरा. ऊब मिळाली की चिकट थर मऊ पडतो आणि वळणावर नीट बसतो. चारी कोपरे कात्रीनं गोल कापा. टोकदार कोपरा पँटला अडकून सगळ्यात आधी उचकटतो. मुलाला गुडघा थोडा वाकवून बसवा. ताठ पायावर लावलेली पट्टी पहिल्या बैठकीलाच सुटते, कारण वाकल्यावर कातडी ताणते आणि पट्टी तितकी ताणत नाही. चौकोनी पट्टी गुडघ्यावर तिरकी, एक कोपरा मांडीकडे आणि एक नडगीकडे येईल अशी लावली तर वाकण्याच्या रेषेवर सरळ कड येत नाही आणि पट्टी जास्त टिकते. कागद थोडासा सोलून पट्टी आधी जखमेच्या मधोमध टेकवा, मग मधून कडेकडे बोटानं दाबत न्या. ताणून लावायची नाही. लावल्यावर पुन्हा एक मिनिट तळहातानं सगळ्या कडा दाबून धरा. शेवटी कडेकडेनं चौकटीसारखी कागदी चिकटपट्टी फिरवा. आपल्याकडच्या घामात ही चौकट फार उपयोगी पडते.

आतमध्ये मलम लावायचं नाही. कुठलंच नाही.

आता किती दिवसांनी बदलायची? ताज्या जखमेवर पहिली पट्टी एका दिवसातच भरते, कारण सुरुवातीला लस भरपूर येते. त्यात बिघडलं काही नाही. लस कमी झाली की तीच पट्टी तीन ते पाच दिवस टिकते. कुठलीही पट्टी सात दिवसांच्या वर ठेवायची नाही. बदलायची वेळ कॅलेंडरवर बघू नका, पट्टीवर बघा: पांढरा फुगवटा पसरत पसरत कुठल्याही कडेपासून एक सेंटिमीटरवर आला, किंवा कडेनं पाणी झिरपलं, किंवा कड उचकटली, की बदलायची. फुगवटा मधोमध आहे आणि कडा घट्ट आहेत, तर हात लावू नका. दर वेळी उघडून बघितलं की जखम गार पडते, कोरडी पडते आणि काम परत सुरू व्हायला वेळ लागतो. तुमच्या चार पट्ट्या या हिशेबानं मुलाला पुरून उराव्यात.

काढताना वर ओढू नका. एका हातानं कातडी दाबून धरा, दुसऱ्या हातानं कोपरा उचलून पट्टी कातडीला समांतर बाहेरच्या बाजूला ताणा. ताणली की चिकटपणा आपोआप सुटतो. एका कडेनं सुरुवात करून सगळ्या कडा अशा सोडवा, मग मधली उचला, तिथे जेल असल्यानं ती कुठेच चिकटलेली नसते. कड हट्टी असेल तर कोमट पाणी किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा, पण नवी पट्टी लावायच्या आधी ते तेल साबणानं धुतलंच पाहिजे. पहिल्या-दुसऱ्या पट्टीनंतर जखम आधीपेक्षा मोठी दिसली तर दचकू नका. मेलेली कातडी आणि खपलीचे तुकडे जेलबरोबर निघून जातात आणि खरी कड दिसू लागते. लांबी-रुंदी कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ती कमी होताना दिसली पाहिजे. वापरलेली पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, उकिरड्यावर उघडी नको, कुत्री ओढतात.

आंघोळ चालेल. बाहेरचा पडदा पाणी रोखतो, फक्त बादलीचा तांब्या थेट कडेवर ओतू नका आणि साबण घासू नका. विहिरीत किंवा नदीत पोहणं मात्र जखम भरेपर्यंत बंद.

जे बिघडू शकतं ते हे. जखमेभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी दिसली तर पट्टीला लस झेपत नाहीय. लवकर बदला, आणि तरीही राहिलं तर एक-दोन दिवस साध्या न चिकटणाऱ्या पट्टीवर जा. पट्टीच्या नेमक्या चौकोनात खाज आणि बारीक लाल पुरळ उठली तर चिकट थराची ॲलर्जी आहे, ती पट्टी थांबवायचीच. जखमेतून लाल, ओलं, सहज रक्त येणारं मांस कातडीच्या वर फुगून आलं तर ओल जास्त झालीय. पट्टी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि पिकल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. दुखणं दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढणं. लाली पसरणं, शंका असेल तर लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि सहा तासांनी बघा, रेघेच्या बाहेर गेली असेल तर थांबायचं नाही. ताप 100.4 च्या वर. पायावरून वर जाणारी लाल रेघ. जांघेत गाठ येऊन दुखणं, ज्याला आपल्याकडे अवधान आलं म्हणतात; पायाच्या जखमेतले जंतू वर सरकू लागल्याची ती खूण असू शकते आणि पुष्कळ घरांत तिच्यावर नुसता लेप लावून दिवस काढले जातात. यातलं एकही दिसलं तर पट्टी काढायची आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठायचा. पिकलेल्या जखमेवर बंद पट्टी लावली तर पू आत कोंडतो.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांना ही पट्टी लावू नका, एक दिवसही नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही आणि साधी वाटते. रक्तपुरवठाही कमी असू शकतो. अंगठ्याखालच्या जखमेवर चालताना सगळा भार येतो, वरून लहानशी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते, आणि ती रोज उघडून बघावी लागते. तीन दिवस झाकून ठेवली तर तेवढ्यात बोट काळं पडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. त्यांना आज नाही तर उद्या डॉक्टरांकडे न्या. जाईपर्यंत जखम सलाइननं धुऊन कोरड्या स्वच्छ गॉजनं सैल झाका आणि त्या पायावर भार देऊ देऊ नका. साखर किती आहे ते तपासून घ्या, पायाची नाडी लागते का आणि एक्स-रे हवा का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. शेतात, अंगणात, देवळातसुद्धा तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं बंद. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची जमीन बधिर पायाला फोड आणते आणि माणसाला संध्याकाळपर्यंत कळत नाही. रोज रात्री तळपाय आरशात किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी बघायचे. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच जखमेची, गुडघ्याची नाही.

हेच नंदुरबारकडच्या वाचकांना सांगायचंय. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांना घोट्याजवळ महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा होतात. त्यांवर मेडिकलमधून आणलेली पट्टी स्वतःच्या मनानं लावू नका, त्या जखमेचा उपचार रक्ताच्या आजाराबरोबरच व्हावा लागतो. तसंच कुत्र्या-मांजरानं चावलेली जखम कुठल्याही पट्टीनं बंद करायची नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी लगेच निघायचं. विळ्या-कोयत्यानं खोल चिरलेली, उघडी पडलेली, काटा किंवा खिळा आत घुसलेली जखमही या पट्टीची नव्हे. तव्याचा चटका बसला तर आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. रुपयाएवढा, वरवरचा, फोड फुटलेला चटका असेल तर त्यावर पट्टी छान काम करते. चेहऱ्यावरचा, सांध्यावरचा, मोठा किंवा लहान बाळाचा असेल तर डॉक्टरच.

धनुर्वाताचं तुमच्या मुलाचं झालंय, बरं झालं. सरकारी लसीकरणात 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाचं) इंजेक्शन असतं. माती लागलेली जखम झाली आणि शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं किंवा त्याहून जुनं असेल तर पुन्हा घ्यावं लागतं. कधी घेतलं हे आठवत नसेल तर घेतलेलं नाही असं धरून दवाखान्यात जायचं.

भावजयीला मात्र पट्टी जरूर द्या, तिच्यासाठी ही अगदी योग्य वस्तू आहे. चैत्रात धुळे-जळगावहून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांचे हाल चढापेक्षा टाचेच्या फोडांनी जास्त होतात. फोड आल्यावर लावण्यापेक्षा कातडी लाल होऊन चुरचुरू लागली की लगेच थांबून लावणं शहाणपणाचं. घासण्याचा जोर मग पट्टी सोसते. फोड आलाच आणि फुटला नसेल तर तसाच ठेवून वर पट्टी लावायची. वरची कातडी काढायची नाही, त्याच्याइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. फुटलेला असेल तर पाणी निथळू द्यायचं, धुवायचं, सैल कातडी जागेवर पसरून बसवायची आणि पट्टी लावायची. फोडाला मोठी पट्टी कशाला? 10 × 10 ची कापली तर पाच सेंटिमीटरचे चार तुकडे होतात, बोराएवढ्या फोडाला एक पुरतो. पातळ पट्टी मिळाली तर चपलेत-बुटात तीच बरी, जाड पट्टीची कड स्वतःच घासते. पट्टी सकाळी निघताना लावायची नाही, आदल्या रात्री पाय धुऊन, सुकवून लावायची, म्हणजे रात्रभरात ती घट्ट धरते. वर सुती मोजा घालायचा. रोज संध्याकाळी मुक्कामाला आल्यावर ओढून काढायची नाही, नाहीतर मऊ पडलेल्या फोडाची कातडीच निघून येईल. पट्टी स्वतः सुटेपर्यंत राहू दे. तिला मधुमेह असेल तर मात्र वर सासऱ्यांसाठी लिहिलेलं तिलाही लागू आहे.

मुलाची पट्टी कधी थांबवायची? एक पट्टी चार-पाच दिवस लावून ठेवली आणि तिच्यात फुगवटाच आला नाही, काढल्यावर खाली गुलाबी, चकाकती, कोरडी कातडी दिसली, की काम झालं. ती कातडी अजून नाजूक असते. रोज थोडं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा आणि पुढचे काही महिने उन्हात गुडघा झाकलेला ठेवा, नाहीतर तिथे काळा डाग राहतो. तीन आठवड्यांत जखम अर्ध्यानंही भरली नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

उरलेल्या पट्ट्या मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. बहुतेक पाकिटांवर 25 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो. त्या उष्णतेत चिकट थर ओघळतो आणि कागदाबरोबरच निघून येतो. पाकीट सपाट, दुमडी न पडता, घरातल्या सर्वांत गार खोलीत, माठाजवळ पण ओल लागणार नाही असं ठेवा. कापून उरलेला तुकडा निर्जंतुक राहत नाही. तो मूळ पाकिटात घालून तोंड चिकटवून ठेवलात तर फोडासारख्या न फुटलेल्या कातडीला चालेल, उघड्या जखमेला नको. आणि पाकिटावरची अंतिम तारीख भावजयीला देण्याआधी एकदा बघून घ्या.